कुजक्या आंब्याच्या ओंडक्यावर तपकिरी केसांचे झुबके: स्लाइम मोल्ड आहे, पण कोणता?

भुईरिंगणी:
नमस्कार मंडळी. चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या परसात रायवळ आंब्याचा जुना ओंडका पडून आहे. साल सुटलीय, लाकूड बोटाने दाबलं तरी चेपतं इतकं कुजलंय. जुलैच्या संततधारेत त्याच्या खालच्या, सावलीतल्या बाजूला एका संध्याकाळी पांढरी, ओलसर, दाणेदार काहीतरी वस्तू दिसली. आदल्या दिवशी तिथे काहीही नव्हतं, हे खात्रीने सांगते, कारण त्याच जागी मी गोगलगाईंचे फोटो काढत बसले होते. सकाळी पाहिलं तर दाण्यांच्या उभ्या काड्या झालेल्या आणि रंग गुलाबीसर. पुढे त्या काळपटल्या, आणि सुकल्यावर विटकरी तपकिरी केसांचे झुबके उभे राहिले.

पट्टी लावून मोजलं. देठासकट उंची १२ ते १५ मिलिमीटर. त्यातला खालचा ४-५ मिलिमीटर भाग म्हणजे काळा, चकचकीत, अगदी बारीक देठ. वरचा भाग लांबुळका, टोकाला निमुळता. झुबक्यातले सगळे देठ तळाशी एकाच पातळ चकाकत्या पापुद्र्यावर टेकलेले. फुंकर मारली की तपकिरी धूळ उडते.

फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपने स्टेमोनायटिस असं सांगितलं आणि खाली दोन नावं दिली: फुस्का आणि ॲक्सिफेरा. यातलं कुठलं, आणि ते ठरवायचं कसं? चार फोटो टाकलेत: पांढरा, गुलाबी, तपकिरी, आणि पट्टीसह.

टणटणी:
तिसरा फोटो म्हणजे बाहुल्यांच्या गावातलं पाणकणसाचं तळं! ओळखता काही येत नाही, पण वाचतेय.

मोगलीएरंड:
मला पहिला फोटो दिसत नाहीये. बाकी, ही कुठल्या किड्याची अंडी नाहीत ना? आमच्या जास्वंदीच्या पानामागे असेच केसांवर उभे असलेले ठिपके होते.

अडुळसा:
मोगलीएरंड, तुमच्या जास्वंदीवरची अंडी लेसविंगची असणार. त्यात प्रत्येक केसाच्या टोकाला एकच लंबगोल अंडं असतं, आणि धूळ उडायचा प्रश्नच नाही. पुसून टाकू नका, त्यातल्या अळ्या मावा खातात.

आता मूळ प्रश्न. भुईरिंगणीताई, पांढऱ्या अवस्थेपासूनचे फोटो ठेवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण शेवटचा तपकिरी झुबका टिपतात आणि नाव विचारतात. मग निम्मी माहिती आधीच हातची गेलेली असते.

स्लाइम मोल्ड ही बुरशी नव्हे, अमीबाच्या गोतावळ्यातला जीव आहे. आयुष्याचा मोठा भाग तो प्लाझमोडियम या रूपात काढतो. म्हणजे आत पेशींच्या भिंती नसलेला, असंख्य केंद्रकं असलेला एकच सरकता थर. तो जिवाणू, यीस्ट, बुरशीचे कण खात हिंडतो. फायसेरम या दुसऱ्या स्लाइम मोल्डची पिवळीधमक जाळी तुम्ही चित्रांत पाहिली असेल, पण स्टेमोनायटिसचा प्लाझमोडियम पारदर्शक आणि इतका पातळ असतो की लाकडाच्या आत वावरताना दिसतच नाही. बीजाणू तयार करायची वेळ आली की तो पृष्ठभागावर येऊन गोळा होतो. म्हणून काल काही नव्हतं आणि आज आहे असं वाटतं. काल तो आत होता.

तुमच्या गुलाबी फोटोत जे चाललंय ते मला या जीनसमधलं (जवळच्या जातींच्या गटातलं) सगळ्यात देखणं काम वाटतं. देठ खालून कोंबासारखा वाढत नाही. दाण्याच्या आत तो स्रवत स्रवत उभा केला जातो आणि उरलेला सगळा जिवंत ऐवज त्या देठावरून वर चढतो. देठाचाच पुढचा भाग मधला कणा बनतो, कण्याला फांद्या फुटतात, फांद्या एकमेकींना मिळून बाहेरच्या बाजूला जाळी तयार होते आणि त्या जाळीच्या आत बीजाणू पिकतात. हे सगळं साधारण एका दिवसात उरकतं. त्या वेळी ओंडका हलवला किंवा वाळवला, तर काड्या वेड्यावाकड्या, अर्धवट पिकतात आणि असा नमुना ओळखायला निरुपयोगी.

जीनस स्टेमोनायटिस हे पटण्याजोगं आहे. दहापट भिंग घेऊन, धूळ उडून गेलेली एक काडी उजेडासमोर धरा. देठ आत शिरून कण्याच्या रूपात जवळजवळ टोकापर्यंत गेलेला दिसायला हवा. आता तसेच दिसणारे दुसरे स्लाइम मोल्ड. आर्सिरियामध्ये हा कणा नसतो, तळाशी छोटी वाटी असते आणि बीजाणू उडून गेल्यावर लोकरीसारखा मऊ पुंजका उरतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच जाती लाल, राखाडी किंवा पिवळट असतात. कोमॅट्रिकात कणा असतो, पण बाहेरची सलग जाळी नसते आणि काड्या बऱ्याचदा सुट्या सुट्या उगवतात. स्टेमोनायटॉप्सिस टायफिना फसवते, कारण ती पण दाट घोळक्याने येते. मात्र तिच्यावर चंदेरी पापुद्रा बराच काळ टिकतो आणि देठालाही चंदेरी वेष्टण असतं. तुमच्या फोटोत चंदेरी काही दिसत नाही आणि देठ काळाकुळकुळीत आहे.

जात मात्र फोटोवरून सांगणार नाही. विटकरी रंग पाहता मन ॲक्सिफेराकडे झुकतं. फुस्काचा ढीग काळपट तपकिरी असतो. पण रंगावर नाव लिहायचं नसतं.

खवचटकाका:
अडुळसासाहेब, एवढं पुराण कशाला? मी हाच फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर चढवून पाहिला. पहिली सूचना फुस्का. दोघातिघांनी "सहमत" दाबलं की रिसर्च ग्रेड मिळतो. विषय संपला.

अडुळसा:
काका, रिसर्च ग्रेड म्हणजे ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्यापैकी कोणी बीजाणू पाहिला का, हे तो शिक्का सांगत नाही. स्टेमोनायटिसच्या बाबतीत तर मी अशा नोंदी जीनसपर्यंतच मागे ओढतो, मग लोक चिडले तरी चालतील. फुस्का हे नाव जुनं आणि सर्वपरिचित, म्हणून फोटोंना तेच जास्त चिकटतं. त्या फोटोंवर अ‍ॅप शिकतं आणि पुन्हा तेच नाव सुचवतं.

एक गंमत बघा. त्याच साइटवर स्लाइम मोल्ड बुरशीच्या रकान्यात सापडत नाही, प्रोटोझोआत सापडतो. बुरशी म्हणून चाळणी लावून शोधत बसणारे बरेच जण रिकाम्या हाताने परततात.

करवंदजाळी:
आमच्या परड्यातल्या फणसाच्या ओंडक्यार पण असला येता. आई म्हणता, हात लाव नको, खाज येतली. खरा काय ता?

अडुळसा:
खाजेचं माहीत असलेलं काही कारण नाही. बीजाणूंची धूळ मात्र नाकात गेली तर ॲलर्जी असलेल्यांना शिंका, दमा असा त्रास होऊ शकतो. आईचं ऐका, नाहीतर निदान फुंकर मारताना तोंड बाजूला ठेवा.

नाचणीसत्त्व:
धागा आवडला. पण मला वेगळीच धास्ती. आमच्या जुन्या घराच्या मागच्या दाराची चौकट पावसात फुगते आणि तिच्या तळाशी मला असलेच तपकिरी केस दिसले होते. वाळवीसारखं हे लाकूड पोखरतं का? औषध मारावं का?

भुईरिंगणी:
माझ्या वाचनाप्रमाणे नाही. लाकूड कुजवतात त्या बुरशी आणि काही जिवाणू. स्लाइम मोल्ड त्यांच्यावर जगतो. अडुळसा, बरोबर ना?

अडुळसा:
बरोबर. नाचणीसत्त्व, केसांवर औषध मारून उपयोग नाही, ते आठवडाभरात आपोआप झडतात. पण ते तिथे आले याचा अर्थ चौकट सतत ओली राहते आणि लाकडात कूज सुरू झालीय. सुताराला दाखवा, पाणी कुठून मुरतं ते बघा. स्लाइम मोल्डने तुम्हाला फुकटात चहाडी सांगितली आहे, तिचा फायदा घ्या.

भुईरिंगणी:
आज परत भिंग घेऊन बसले. उजेडासमोर धरल्यावर कणा स्पष्ट दिसला, टोकाच्या जरा अलीकडे तो बारीक होत जाळीत विरतो. बाहेरची जाळीही दिसली, फार बारीक आहे. आणि झुबक्यांच्या मधून गोलसर, चकचकीत, टाचणीच्या टोकाएवढे भुंगेरे फिरत होते. ते काय करतायत?

सह्यफिरस्ता:
भुंगेऱ्यांचं मी सांगतो, हा माझा प्रांत. ते बीजाणू खातायत. लायोडिडी कुळातले बरेच भुंगेरे स्लाइम मोल्डवर जगतात, त्यांच्या अंगाला चिकटून बीजाणू इकडेतिकडे जातातही. तुमचे नेमके त्याच कुळातले की नाहीत हे पाहिल्याशिवाय सांगणार नाही. या कुळात ॲगाथिडियम नावाचा जीनस आहे. २००५ साली मिलर आणि व्हीलर या दोन कीटकशास्त्रज्ञांनी त्यातल्या ढीगभर नव्या जातींना नावं दिली, त्यातल्या तिघांना अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश, उपाध्यक्ष चेनी आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांची. लोकांना वाटलं टवाळी केली, तर ते म्हणाले की आम्ही मान म्हणून दिलीत. स्लाइम मोल्ड खाणारा भुंगेरा हा मान वाटायला कीटकशास्त्रज्ञच असावं लागतं.

खवचटकाका:
हाहा! हे मात्र पुराण आवडलं.

घोसाळं:
तो भूलभुलैया सोडवणारा स्लाइम मोल्ड हाच का? जपान्यांनी त्याच्याकडून रेल्वेचा नकाशा काढून घेतला होता ना?

अडुळसा:
तो फायसेरम पॉलिसेफॅलम. भूलभुलैया २०००, रेल्वे २०१०. इथे त्याचं काम नाही, धागा वाहवत जाईल.

ताई, कणा आणि जाळी दिसली, तर जीनसबद्दल शंका उरली नाही. आता नमुना नीट ठेवा. झुबक्याखालचं लाकूड चाकूने पातळ कापून घ्या, झुबका उपटू नका. लाकडाचा तो तुकडा रिकाम्या काडेपेटीच्या खणात तळाशी डिंकाने चिकटवा म्हणजे पेटी हलली तरी केस बाजूंना घासत नाहीत. सावलीत, हवेशीर जागी वाळू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत चुकूनही ठेवू नका, एका रात्रीत बुरशी चढते आणि मग बीजाणू स्लाइम मोल्डचे की बुरशीचे, हा नवाच घोळ. पेटीवर तारीख, गाव, लाकूड कशाचं, साल होती की नव्हती, आणि प्लाझमोडियमचा रंग पांढरा, हे लिहा. रंग नंतर कुठल्याही मायक्रोस्कोपमधून कळणार नाही.

आणखी एक. पावसाचा मारा बसलेले झुबके घेऊ नका. बीजाणू धुऊन गेले की नुसती फिकी जाळी उरते. ती पाहून लोक वेगळीच जात सांगतात.

सुमिदाकाठी:
काडेपेटीवरून राहवलं नाही, अवांतराबद्दल माफी. मी इथे जपानात राहते. वाकायामातल्या तानाबेचे मिनाकाता कुमागुसू हे स्लाइम मोल्डचे मोठे अभ्यासक. सम्राट हिरोहितोंनाही या जिवांचा नाद होता. १९२९ मध्ये सम्राट त्या बाजूला आले तेव्हा मिनाकातांनी त्यांना ११० नमुने भेट दिले, तेही रीतीप्रमाणे लाकडी पेटीत न घालता कॅरमेलच्या रिकाम्या खोक्यांमधून! मिनाकातांना स्वतःच्या परसातल्या पर्सिमनच्या झाडावर एक स्लाइम मोल्ड सापडला होता. तो नवा जीनस निघाला आणि लंडनच्या गुलिएल्मा लिस्टर यांनी १९२१ मध्ये त्याला मिनाकाटेला असं नाव दिलं. तेव्हा भुईरिंगणी, परसात बघत राहा.

टणटणी:
कॅरमेलची खोकी! सुमिदाकाठी, यावर वेगळा लेख लिहाच.

फळाबाई:
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे चांगला मायक्रोस्कोप नाही, पण फोल्डस्कोप (कागदाचे घडीचे मायक्रोस्कोप) आहेत. त्यावर बीजाणू बघून जात ठरेल का?

अडुळसा:
बाई, जात ठरणार नाही, पण बघण्यासारखं खूप आहे. फोल्डस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा तपशील वेगळा ओळखू येतो. स्टेमोनायटिसचा बीजाणू चार ते नऊ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या तांबड्या रक्तपेशीच्या आगेमागे. तो गोल ठिपका म्हणून दिसेल. त्याच्या अंगावरचे काटे, पुटकुळ्या, जाळी हे एका मायक्रॉनहून बारीक, ते दिसणार नाहीत. पण कणा, फांद्या आणि बाहेरची जाळी मुलांना सुरेख दिसेल.

शाळेसाठी त्याहून चांगला एक उद्योग सुचवतो. पावसाळा नसतानाही चालतो. जिवंत झाडाची सुटलेली, कोरडी साल गोळा करा. बाभूळ, आंबा, कडुनिंब, काहीही. काचेच्या बशीत टीपकागद घालून त्यावर सालीचे तुकडे ठेवा आणि बुडतील इतकं पाणी ओता. दुसऱ्या दिवशी जादा पाणी काढून टाका आणि बशी झाकून, थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात ठेवा. अधूनमधून भिंगाने पाहा. काही दिवसांत सालीवर सुप्त बसलेले जीव जागे होतात आणि एखाद-दोन मिलिमीटरच्या बीजाणुधान्या उगवतात. गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी १९३३ मध्ये ही युक्ती दाखवली, आणि अजून जगभरचे अभ्यासक तीच वापरतात. मोठा स्टेमोनायटिस त्यात क्वचितच येईल, पण राखाडी आर्सिरिया सिनेरिया यायची बरीच शक्यता.

फळाबाई:
मनापासून आभार. टीपकागद, बशी आणि बाभूळ, तिन्ही शाळेत आहेत.

भुईरिंगणी:
धागा वर काढतेय, कारण मायक्रोस्कोप मिळाला! ओळखीच्या एका महाविद्यालयीन प्राध्यापिकांनी रविवारी प्रयोगशाळा उघडून दिली. अडुळसा, तुम्ही व्यनितून (खासगी निरोपातून) सांगितलंत तसंच केलं. कोरडे बीजाणू पाण्यात भिजता भिजत नाहीत, बुडबुडे धरून तरंगत राहतात. म्हणून स्लाइडवर आधी अल्कोहोलचा थेंब, त्यात झुबक्याचा कण, अल्कोहोल उडत आलं की कॉस्टिक पोटॅशच्या ३ टक्के द्रावणाचा थेंब आणि वर कव्हर स्लिप.

जे पाहिलं ते असं. ढिगाने बीजाणूंचा रंग विटकरी. खालून उजेड सोडून पाहिलं तर एकेकटा बीजाणू फारच फिका, जवळजवळ बिनरंगी, किंचित गंजाची छटा. ४०च्या भिंगाखाली गुळगुळीत वाटला. शंभरच्या भिंगाखाली तेल घालून पाहिलं तेव्हा अगदी बारीक, विरळ ठिपके असल्यासारखं वाटलं. जाळीसारखी नक्षी अजिबात नाही. बाहेरची जाळी नाजूक, तिची छिद्रं लहान आणि कोनेदार, बहुतेक छिद्रांत दोन-तीन बीजाणू शेजारी शेजारी बसतील एवढीच. व्यास साधारण ५ ते ६.५ मायक्रॉन, बरेचसे ६च्या आसपास.

अडुळसा:
फार छान काम! मोजमाप कुठल्या भिंगाखाली घेतलंत आणि पट्टी ताडून पाहिली होती का? छळतोय असं वाटेल, पण सगळा निकाल इथेच अडतो.

भुईरिंगणी:
बाईंनी आधी तेच करायला लावलं. एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचेची स्लाइड खाली ठेवून डोळ्याकडच्या पट्टीचं एक घर किती ते काढलं. ४०खाली एक घर अडीच मायक्रॉनचं पडतं, शंभरखाली जवळपास एकाचं. आकडे शंभरखालचे आहेत.

अडुळसा:
मग झालं. ४०खाली मोजले असते तर अर्ध्या घराचा अंदाज चुकला तरी सव्वा मायक्रॉनचा फरक, आणि इथे जातींमधलं अंतरच तेवढं आहे.

फुस्का बाद. तिचे बीजाणू मोठे, बहुधा साडेसात ते नऊ, रंगाने जांभळट तपकिरी, आणि अंगावर जाळीदार नक्षी असते, जी तेल घातल्यावर चुकत नाही. स्प्लेंडेन्स ही स्टेमोनायटिसची आणखी एक जात, तीही बाद. तिचे बीजाणू सात ते नऊ आणि पुटकुळ्यांचे, पण तिची खरी खूण म्हणजे बाहेरच्या जाळीची मोठी, वेडीवाकडी छिद्रं, आणि तुमची जाळी बारीक आहे. फिका, लहान, जवळजवळ गुळगुळीत बीजाणू, विटकरी ढीग, निमुळतं टोक, काळा चकचकीत देठ: स्टेमोनायटिस ॲक्सिफेरा.

पारिजातक:
इतके दिवस नुसती वाचत होते, एक शंका काढते. मी वनस्पतिशास्त्रात बुरशींवर काम केलंय, स्लाइम मोल्डवर नाही. स्टेमोनायटिस स्मिथायचं काय? विटकरी रंग, निमुळता आकार आणि गुळगुळीत बीजाणू तिलाही लागू पडतात. पाचचे बीजाणू तुमच्या मोजणीत आहेतच.

अडुळसा:
शंका योग्य आहे आणि तिच्यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. स्मिथायचे बीजाणू आणखी लहान, चार ते पाच मायक्रॉन, आणि झुबकेही बहुधा बुटके. काही जण तिला स्वतंत्र जात मानतात, काही जण ॲक्सिफेराचाच एक प्रकार धरतात. मार्टिन आणि अलेक्सोपूलस यांचा १९६९चा मोठा ग्रंथ, किंवा भारतापुरतं ठिंड यांचं १९७७चं आणि लखनपाल-मुखर्जींचं १९८१चं पुस्तक हाताशी असेल तर वर्णनं शेजारी शेजारी ठेवून बघा. ताईंच्या नमुन्यात पाच ही खालची कड आहे, मधला आकडा सहा. माझ्या मते ॲक्सिफेराला पुरेसं.

पारिजातक:
मधल्या आकड्याचा मुद्दा मान्य. पण कॉस्टिक पोटॅशमध्ये बीजाणू थोडे फुगतात ना? कोरडा बीजाणू त्याहून लहान असेल.

अडुळसा:
फुगतात, कारण वाळलेला बीजाणू आत चेपलेला असतो, तो भिजून गोल होतो. वर्णनांमधले आकडे पण असेच भिजवून गोल झालेल्या बीजाणूंचे असतात. कोरडे मोजून पुस्तकाशी ताडले तर उलट सगळंच स्मिथाय निघेल! तरीही, तुमचं समाधान व्हायचं तर ताईंनी दुसऱ्या झुबक्यातले बीजाणू हॉयरच्या माध्यमात बसवून मोजावेत. कायमची स्लाइडही होईल.

पारिजातक:
तेवढं झालं की मी पण सहमत दाबेन. तोवर "ॲक्सिफेरा, व्यापक अर्थाने" असं लिहावं, म्हणजे स्मिथायही त्यातच धरून.

खवचटकाका:
म्हणजे दोन जाणकार, एक प्रयोगशाळा, तेलाचं भिंग, आणि उत्तर "व्यापक अर्थाने". धन्य!

भुईरिंगणी:
काका, फुस्का नाही हे तरी पक्कं झालं ना? अ‍ॅपची पहिली सूचना तीच होती.

पेटीवर लिहिलं: स्टेमोनायटिस ॲक्सिफेरा, व्यापक अर्थाने. आंबा, साल गेलेलं कुजकं लाकूड, जुलै, प्लाझमोडियम पांढरा, बीजाणू ५ ते ६.५, कॉस्टिक पोटॅशमध्ये. आयनॅचरलिस्टवरही बीजाणूंचे फोटो आणि पट्टीसकट नोंद टाकलीय. हॉयरचं माध्यम बाईंकडे नाही, कुठे मिळेल ते विचारतेय. मिळालं की याच धाग्यावर आकडे देईन.

मोगलीएरंड:
मस्त धागा झाला. अंडी ठेवलीत हो, पुसली नाहीत. आणि आमच्या सोसायटीच्या बागेत पालापाचोळ्याच्या ढिगावर पिवळंधमक, फेसाळ काहीतरी आलंय, ताटाएवढं. माळी म्हणतो कोणीतरी रंग ओतला. फोटो इथे टाकू का?

अडुळसा:
फ्युलिगो सेप्टिका असणार, पण नवा धागा काढा. आणि माळ्याला सांगा, पाण्याचा फवारा मारून धुऊ नको, सुकू दे. वाळल्यावर कवच फोडून आतल्या भुकटीचा रंग काळा आहे का तो बघा, आणि कवचावर व्हिनेगरचा थेंब टाका. त्यात चुना असतो, बुडबुडे यायला हवेत. स्टेमोनायटिसवर हा प्रयोग करू नका, तिथे चुना नसतो.

मोगलीएरंड:
काढते. शीर्षक काय देऊ, "रंग कोणी ओतला"?